गाडीच्या सबवूफरला 'बास बूस्टर ट्रान्सफॉर्मर' लावून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

माझ्या धाकट्या भावाला नाशिकमध्ये एका कार अॅक्सेसरीजवाल्याने साडेतीन हजाराला चुना लावलाय, वर चांगला चालणारा अॅम्प, म्हणजे स्पीकरला पॉवर देणारा अॅम्प्लिफायर, जाळला तो वेगळाच. हाच ट्रान्सफॉर्मरचा डबा बाकीच्यांच्या गाड्यांतही बसवतायत म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

भावाच्या गाडीत 12 इंची सबवूफर, म्हणजे बासचा मोठा स्पीकर आहे, 4 ओहमचा (ओहम म्हणजे करंटला होणारा अडथळा, तो जितका कमी तितका अॅम्पवर लोड जास्त), आणि त्याला एकाच चॅनलचा मोनो अॅम्प. तो दुकानात गेला होता फक्त स्टिरिओतून अॅम्पला सिग्नल नेणारी आरसीए वायर बदलायला. दुकानदार म्हणाला, भाऊ तुमचा अॅम्प सबला पूर्ण करंट देतच नाहीये, मधे हा ट्रान्सफॉर्मर टाकतो, वॅट डबल होतील, अॅम्पच्या आत पण ट्रान्सफॉर्मरच असतो ना? लगेच लावून वाजवूनही दाखवलं, आणि आवाज खरंच वाढला! अख्खी फसवणूक इथेच आहे, कारण डेमो खोटा नसतो.

होतं काय की ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज दुप्पट होतं, त्यामुळे व्हॉल्यूम कमी असताना त्याच नॉबवर आवाज मोठा येतो. पण पॉवर कुठून येणार? गिअरसारखंच आहे ते, एका बाजूला जोर वाढला की दुसऱ्या बाजूला वेग जातो. सबला दुप्पट व्होल्टेज द्यायचं तर अॅम्पकडून चौपट करंट ओढला जातो, म्हणजे 4 ओहमचा सब अॅम्पला 1 ओहमचा वाटायला लागतो. भावाच्या अॅम्पवर टर्मिनलशेजारीच छापलंय की 2 ओहमच्या खाली लावू नका. दुकानदाराला हे माहीत नसेल? रोज हाच धंदा करतो तो!

आणि अॅम्पच्या आतला ट्रान्सफॉर्मर वेगळा. तो बॅटरीचे 12 व्होल्ट सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून वाढवतो आणि जास्तीची पॉवर बॅटरीतूनच घेतो, म्हणून तर जाड वायर आणि फ्यूज लागतो. त्याचा आणि या डब्याचा काही संबंध नाही.

हायवेवर व्हॉल्यूम वाढवला की अॅम्पवरचा प्रोटेक्टचा (अॅम्प स्वतःला वाचवायला बंद झाल्याचा) लाल लाइट लागून सब बंद, थोड्या वेळाने परत चालू, आणि खालचा बास तर गायबच, नुसती घरघर, डबा हात लावता येणार नाही इतका गरम. दुकानदार म्हणे सेट व्हायला वेळ लागतो, वाजवत राहा. शेवटी अॅम्प गेला. रिपेअरवाल्याने आउटपुटचे मॉसफेट (पॉवर ट्रान्झिस्टर) उडालेत म्हणून सांगितलं.

मग आमच्या ओळखीच्या वायंडिंगवाल्या काकांकडे तो डबा उघडला. काळं डांबर ओतलेलं होतं, ते खरवडल्यावर आत निघाला साधा 12-0-12 चा ट्रान्सफॉर्मर, म्हणजे घरच्या 230 व्होल्टचे 12 करणारा, 12 च्या बाजूला मधे एक आणि टोकांना दोन वायरी असलेला, जो मुंबईत लॅमिंग्टन रोडला चारपाचशेला मिळतो, लेबल घासून काढलेलं. मधल्या आणि एका टोकाला अॅम्प, दोन्ही टोकांना सब, झाला बूस्टर. 50 हर्ट्झच्या घरगुती विजेसाठी बनवलेला लोखंडी कोर, त्याला 30-35 हर्ट्झचा बास इतक्या व्होल्टेजवर झेपतच नाही, कोर सॅच्युरेट होतो, म्हणजे त्याची चुंबकत्व धरायची क्षमता संपते, आणि अॅम्पला जवळजवळ शॉर्टच दिसतो.

पण सगळ्यात भयंकर म्हणजे 230 व्होल्टच्या वायंडिंगची दोन टोकं नुसती चिकटपट्टी गुंडाळून सोडलेली. अॅम्पने 12 व्होल्ट दिले की तिथे 230 च्या आसपास येणार, डिकीत, जिथे आई भाजीच्या पिशव्या ठेवते! हे बघून माझं डोकंच फिरलं.

दुकानदाराने हात वर केले, तुमच्या गाडीचं वायरिंगच खराब आहे म्हणे. बिल कच्चं होतं, त्यावर फक्त 'फिटिंग' लिहिलेलं. तरी यूपीआयचं पेमेंट आणि डब्याचे फोटो आहेत, ते घेऊन ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार केलीये, बघू.

बास खरंच कमी वाटत असेल तर आधी अर्थची वायर बघा, बॉडीचा रंग खरवडून पक्की बसवलीये का ते, बरेचदा तिथेच लोचा असतो. वायर सोलून आतली तार खरवडून बघा, आत पांढरं दिसलं तर ती तांब्याचं पाणी दिलेली अॅल्युमिनियम आहे. अॅम्पवर 2000 वॅट लिहिलेलं वाचू नका, आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी खरी पॉवर, विचारा आणि फ्यूज बघा, 30 अँपियरच्या फ्यूजवर 13-14 व्होल्टला 400 वॅटच आत जातात, बाहेर त्याहून कमीच.

कोणाच्या गाडीत अॅम्प आणि सबच्या मधे असा डबा असेल तर सिस्टीम बंद करून आजच काढा, आणि चालू असताना त्या टेप लावलेल्या वायरींना चुकूनही हात लावू नका.