फुग्याचा बायोगॅस: उन्हाळा, पावसाळा, थंडी तिन्ही काढल्यावरचा अनुभव

पलूस भागात आमचं घर, ऊस आणि थोडी हळद, गोठ्यात दोन म्हशी, एक जर्सी आणि एक कालवड. 2 घनमीटरचा फुग्याचा प्लॅंट बसवलाय, जाड प्लास्टिकच्या बॅगेचा. विकणारे नुसतं सिलिंडर वाचतो एवढंच सांगतात म्हणून बाकीचं मी लिहिते.

आधी स्वयंपाकाचं. जाळ निळा, भांडी काळी होत नाहीत, शेणाचा वास म्हणाल तर अजिबात नाही. भाकरी तव्यावरून काढून जाळावर धरली की टम्म फुगते, आमच्या आत्याबाईंना आधी पटत नव्हतं, आता चूल फक्त मटणाला पेटते. कुकरला मात्र वेळ लागतो, प्रेशर कमी असतं. आणि साधी शेगडी चालत नाही हां, मोठ्या भोकाचा जेट लागतो, तो सोबत घ्याच.

रोजचं काम आहे हे मात्र खरं. साधारण 25 किलो शेणाला 1 घनमीटर गॅस धरतात, म्हणजे आम्हाला रोज 50 किलोच्या आसपास शेण आणि तेवढंच पाणी कालवून टाकायचं, काडीकचरा हाताने काढायचा. गोठा फिनेलने धुतला तर ते पाणी आत जाऊ द्यायचं नाही, जनावराला अँटिबायोटिकचं इंजेक्शन दिलं असेल तर त्याचं शेण काही दिवस बाजूला, नाहीतर आतले जंतू मरतात आणि गॅस बसतो. शिळा भात, भाजीची देठं टाकली तर चालतात, लिंबाची सालं नको.

आता मुद्द्याचं. एप्रिल-मेमध्ये गॅस एवढा होतो की बॅग ढोलासारखी टणक होते आणि जादाचा गॅस सेफ्टीच्या पाण्याच्या बाटलीतून बुडबुड करत बाहेर जातो. बसवायला आलेला पोरगा म्हणाला जाऊ दे वैनी, हवेतच जातोय, काय होत नाही. पण होतं ना! बायोगॅसमध्ये साधारण 60 टक्के मिथेन असतो आणि तो न जळता गेला तर शंभर वर्षांच्या हिशोबाने कार्बन डायऑक्साइडच्या 28 पट तापवतो. मी कागदावर मांडलं: 1 घनमीटर गॅस जाळला तर साधारण 450 ग्रॅम एलपीजी वाचतो, म्हणजे सव्वा किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड वाचला. तोच 1 घनमीटर तसाच हवेत गेला तर सुमारे 11 किलोएवढा फटका, म्हणजे आठेक घनमीटर जाळून कमावलेलं एका घनमीटरात गेलं. त्यामुळे उन्हाळ्यात बाटली बुडबुडायला लागली की मी लगेच बर्नर लावते, म्हशींचं आंबोण शिजवायचं, आंघोळीचं पाणी तापवायचं, काहीच नसलं तरी नुसता जाळायचा, पण सोडायचा नाही. पाइपच्या जोडांना अधूनमधून साबणाचा फेस लावून बघते, फेस फुगला की लीक आहे. मागं एक कॉक असाच गळत होता, कंपनीला फोन करकरून कंटाळा आला, शेवटी गावातल्या प्लंबरने बदलला.

थंडीत उलटं. डिसेंबर-जानेवारीत रात्री गारठा पडला की गॅस निम्म्यावर येतो, सकाळचा चहा आणि डबा झाला की संपला, मग सिलिंडर लावावाच लागतो. काळ्या ड्रममधलं उन्हात तापलेलं पाणी दुपारी शेणात मिसळलं तर जरा फरक पडतो. पाइपात पाणी साचून जाळ फडफडतो, ते ट्रॅपमधून काढायचं. लोखंडाच्या किसाचा फिल्टर काळा पडला की बाहेर काढून हवेवर ठेवा, पुन्हा चालतो, तो नसला तर गंधकाच्या गॅसने पितळी कॉक खाऊन टाकतात.

स्लरी, म्हणजे गॅस निघून गेल्यावर बाहेर पडणारं पातळ शेण, मला सगळ्यात आवडली खरं तर. उसाला पाटाच्या पाण्याबरोबर सोडतो, युरियाच्या गोण्या कमी आणल्या यंदा. ठिबकला देणार असाल तर गाळूनच द्या, नाहीतर ड्रिपर चोक होतात. आणि खड्ड्यात साठवून ठेवू नका, तिथंही बुडबुडे येतात, ते मिथेनच.

घर एकदम शून्य प्रदूषणाचं झालं असं कुणी सांगितलं तर हसू येतं. 14.2 किलोचा सिलिंडर जाळला की 42 किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड होतो. आणि एक म्हैस ढेकरांमधूनच वर्षाला साधारण 50 किलो मिथेन सोडते, म्हणजे तीसेक सिलिंडरएवढं, ते काय बायोगॅसने थांबत नाही. पण म्हशी विकणार आहोत का आम्ही, दुधावरच तर घर चालतं. मग निदान शेणाचं तरी नीट करावं.

घेणार असाल तर बॅगेला चारी बाजूंनी जाळीचं कुंपण करा, शेळीच्या खुराने किंवा कुत्र्याच्या नखाने भोक पडायला वेळ लागत नाही, वर शेडनेट टाका. जनावरं एकदोनच असतील तर 2 घनमीटरच्या नादाला लागू नका, 1 चा घ्या. आणि घरात शेण कालवणारं माणूस कोण ते आधी ठरवा, आमच्याकडं ते माझ्या गळ्यात पडलंय, ह्यांनी फक्त फोटो काढून स्टेटसला टाकलाय.