पोस्टडॉकचे कागद करायचे तर पोवई नाक्याजवळचं हे डीटीपीचं दुकान

पीएचडी झाली, आता जीवाश्मांवर पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन, करायचंय म्हणून तीन महिने अर्जच चाललेत माझे आणि साताऱ्यात बसून हे सगळं होतंय ते या दुकानामुळं, खरंच सांगते. मी डेक्कन ट्रॅपच्या, म्हणजे दख्खनच्या लाव्हापासून झालेल्या खडकांच्या, दोन लाव्हा थरांमधल्या तळ्यांच्या गाळात सापडणाऱ्या गोगलगायींवर काम करते, फायसा म्हणतात त्यांना, त्यांचा शंख डावीकडं वळतो, बहुतेक गोगलगायींचा उजवीकडं. दुकानातल्या मुलानं पोस्टरवर बसावा म्हणून फोटो आरशासारखा उलटा केला, म्हणजे माझी गोगलगायच बदलली! प्रिंट हातात घेतल्यावर दिसलं, पोटात गोळाच आला. दुकानाच्या काकांना सांगितलं तर एका शब्दानं वाद नाही, लगेच दुसरं काढून दिलं, पैसे घेतले नाहीत, आणि त्या मुलानं मग शंख कसा बघायचा ते नीट विचारून घेतलं. मला फार बरं वाटलं ते.

स्कॅन स्वच्छ, पीडीएफची साईज बरोबर करून देतात. सप्टेंबरच्या आसपास युरोपातल्या मारी क्युरी फेलोशिपची डेडलाईन असते तेव्हा रात्री साडेनऊपर्यंत थांबले माझ्यासाठी. जर्मनीच्या हुम्बोल्ट फेलोशिपला डेडलाईन नाही, वर्षभर कधीही भरा, पण पीएचडीनंतर चार वर्षांच्या आत, हे मात्र ज्युनिअर्सनी लक्षात ठेवा.

पार्किंगचे हाल आहेत, गाडी लांब लावून चालत या. आणि प्रिंट घ्यायच्या आधी स्क्रीनवर स्वतः एकदा बघाच.