दोन लाख तीस हजार किलोमीटरची डिझेल एसयूव्ही: वर्षभर चालवल्यावर

गाडी सात सीटर, डिझेल, मॅन्युअल, चेसिस वेगळी आणि बॉडी वर बसवलेली, फोर व्हील ड्राइव्ह. घेतली तेव्हा दोन लाख बारा हजार झाली होती, आता दोन लाख तीस हजारांच्या पुढे गेली आहे. मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही. नाव आलं की गप्पा कंपनीवर घसरतात, आणि खाली लिहिलंय ते त्या पिढीच्या बहुतेक कॉमन रेल (एका सामाईक पाईपातून सगळ्या सिलिंडरांना जास्त दाबानं डिझेल पुरवणाऱ्या) डिझेल गाड्यांना लागू पडेल.

आधी निकाल. इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारा गिअरचा संच) यांनी आतापर्यंत एकदाही छळलं नाही. छळलं ते त्यांच्याभोवतीच्या रबरानं आणि वायरींनी. तरी दर वेळी गॅरेजमध्ये पहिलं नाव निघालं ते सगळ्यात महागड्या पार्टचं.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं पिकअपनं, म्हणजे गाडीच्या ओढीनं. सपाट रस्त्यावर गाडी झक्कास पळायची. चढ लागला, गाडीत माणसं असली आणि तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की एकदम दम सुटायचा, इंजिनचा दिवा लागायचा आणि मग रेस केली तरी गाडी उचलायची नाही. बाजूला घेऊन बंद-चालू केली की पुन्हा ठणठणीत. स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरनं नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) कोड आला पी ०२९९, म्हणजे टर्बोचा (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचा) दाब कमी पडतोय. गॅरेजचं उत्तर तयार होतं: टर्बो गेला, बदला.

आता हा कोड फक्त एवढंच म्हणतो की इंजिनच्या कॉम्प्युटरनं मागितला तेवढा दाब मिळाला नाही. का मिळाला नाही, ते शोधायचं काम आपलं. शिवाय बंद-चालू केल्यावर गाडी सुधारते, ही खूण महत्त्वाची. टर्बोचा शाफ्ट किंवा पंखा खरोखर गेला असता तर चावी फिरवून तो बरा झाला नसता. मागितलेला आणि मिळालेला दाब यांत काही सेकंद मोठी तफावत राहिली की कॉम्प्युटर इंजिन वाचवायला डिझेल कमी करतो (यालाच लिंप मोड म्हणतात), आणि पुन्हा चालू केल्यावर बऱ्याच गाड्यांत तो बंधन उठवतो.

टर्बोच्या तोंडावरची नळी काढून शाफ्ट बोटांनी हलवून बघितला. आडवा किंचित हलतो, तेवढा हलायलाच हवा, कारण तो तेलाच्या थरावर फिरतो. आत-बाहेर जाणवण्याइतका हलत नाही आणि पंख्याची पाती कुठे घासल्याची खूण नाही. म्हणजे टर्बो शाबूत. मग इंजिन बंद, चावी ऑन ठेवून दाबाच्या सेन्सरचं रीडिंग बघितलं. अशा वेळी तो बाहेरच्या हवेचाच दाब दाखवायला हवा, समुद्रसपाटीजवळ साधारण १०० किलोपास्कल. सेन्सर खरं बोलत होता. उरली टर्बोतली दाब कमी-जास्त करणारी वेगळी पाती उघडझाप करणारी व्हॅक्यूमची (हवा ओढून चालणारी) यंत्रणा.

दोष तिथेच निघाला. सॉलेनॉइडपासून (विजेवर चालणारी झडप) अॅक्च्युएटरपर्यंत (ती पाती हलवणारा भाग) पेन्सिलीपेक्षा बारीक रबरी नळी जाते. तिचं टर्बोकडचं टोक उष्णतेनं कडक होऊन चिरलं होतं. थंड इंजिनवर चीर मिटलेली, म्हणून गॅरेजमध्ये उभ्या गाडीत काहीच सापडायचं नाही. तापलं की ती उघडायची. नळीला वाकवून उजेडात धरल्यावर केसाएवढी रेघ दिसली. वीतभर नवी नळी घातली, झालं काम. त्यानंतर चढावर चालत्या गाडीचे आकडे स्कॅनरवर नोंदवून बघितले, मागितलेला आणि मिळालेला दाब जवळजवळ एकावर एक चालतात.

हाच कोड इंटरकूलरच्या (टर्बोची तापलेली हवा थंड करणारी जाळी) फाटक्या पाईपमुळेही येतो, म्हणून तो पाईपही बघा. खालच्या बाजूनं हात फिरवायचा. ताजं ओलसर तेल बोटाला लागलं तर हवा तिथूनच निसटते आहे, आणि सोबत काळा धूरही असतो.

दुसरा त्रास सेल्फचा, म्हणजे इंजिन चालू करणाऱ्या स्टार्टर मोटरचा. लांबचा प्रवास करून थांबलो की परत चालू करताना सेल्फ रडत फिरायचा. बॅटरी नवी. मग स्टार्टर बदला, असा सल्ला मिळाला. मल्टिमीटर असेल तर इथे स्टार्टर काढायच्या आधी दोन मिनिटांची एक तपासणी आहे. मीटर डीसी व्होल्टवर ठेवायचा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ धातूवर, आणि दुसऱ्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांगायचं. अर्थिंग (बॅटरीच्या निगेटिव्हची इंजिन आणि चेसिसशी जोडणी) चांगलं असेल तर आकडा ०.२-०.३ व्होल्टच्या वर जात नाही. माझ्याकडे एक व्होल्टच्या आसपास गेला. त्याच वेळी बॅटरीच्या दोन खांबांमध्ये मात्र ११ च्या आसपास व्होल्ट होते, म्हणजे बॅटरी बिचारी देत होती, ते पोहोचत नव्हतं. इंजिन ते चेसिस जाणारी विणलेली अर्थिंग पट्टी वरून बरी दिसत होती, बोल्ट सोडल्यावर खाली सगळा गंज. पट्टी बदलली, बसायची जागा पॉलिश पेपरनं चकचकीत घासली. सेल्फ तर सुधारलाच, शिवाय अधूनमधून लुकलुकणारा एबीएसचा (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) दिवाही गप्प झाला. तो वेगळा आजार म्हणून मी वेगळ्या यादीत लिहून ठेवला होता.

सकाळी पहिल्यांदा चालू व्हायला वेळ लागायचा, तो प्रकार निराळा. सेल्फ दणकून फिरतो, पण इंजिन पकडत नाही. पकडलं की दिवसभर काही तक्रार नाही. अशा वेळी नोझलांवर (इंजिनात डिझेल फवारणारे इंजेक्टर) संशय घेतला जातो, आणि कधीकधी तो खराही असतो. पण आधी डिझेलची लाइन हवा घेते आहे का ते बघावं. फिल्टर आणि हाय प्रेशर पंपाच्या मध्ये तात्पुरता पारदर्शक पाईपचा तुकडा जोडला. रात्रभर गाडी उभी ठेवून सकाळी बघितलं तर पाईपात वरच्या बाजूला लांबलचक पोकळी, आणि सेल्फ मारल्यावर बुडबुड्यांची रांग. फिल्टरखाली पाण्याच्या सेन्सरची ओ-रिंग (गोल रबरी सील) चपटी झाली होती. डिझेल कुठेच गळत नव्हतं, आणि सगळे फसतात ते इथेच. ज्या गाड्यांत टाकीत पंप नाही, त्यांत ही बाजू ओढणारी असते. तिथल्या फटीतून हवा आत जाते, डिझेल बाहेर येतंच असं नाही.

तापमानाबद्दल एक सांगायलाच हवं. डॅशबोर्डवरच्या काट्यावर जाऊ नका. बऱ्याच गाड्यांत तो मोठ्या पट्ट्यात मुद्दाम मधोमध थांबवलेला असतो, आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. स्कॅनरवर खरा आकडा बघावा. माझी गाडी मोकळ्या रस्त्यावर ९० च्या आसपास स्थिर, गर्दीत मात्र १०० च्या पुढे सरकायची. हळू चालताना तापते आणि वेगात थंड होते, म्हणजे पंख्याकडे बघायचं. उलट झालं, वेगात तापली, तर रेडिएटर तुंबलाय का ते आधी. माझा व्हिस्कस फॅन (तापल्यावर आपोआप घट्ट पकड घेणारा पंखा) ढिला निघाला. गरम इंजिन बंद करून, चावी काढून, पंखा हातानं फिरवला की त्यानं विरोध करायला हवा. हा मोकळा गरगर फिरत होता. मात्र थंड इंजिन चालू केल्यावर थोड्याच वेळात रेडिएटरचा वरचा पाईप दगडासारखा कडक होत असेल तर हेड गॅसकेटची (इंजिन ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग) शंका घ्या, आणि तिथे घरगुती प्रयोग थांबवा.

सस्पेन्शनचं थोडक्यात: बारीक खड्ड्यांवर टकटक म्हणजे बहुधा लिंक रॉड (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या बारला जोडणारी दांडी), मोठ्या खड्ड्यावर ठोका म्हणजे लोअर आर्मचे (चाक धरणारा खालचा हात) रबरी बुश किंवा बॉल जॉइंट. बुश बदलताना एक गोष्ट मेकॅनिकला आवर्जून सांगा. शेवटचा टाइट गाडी जॅकवरून उतरवून, चाकांवर वजन आल्यावर मारायचा. चाक लटकत असताना आवळला तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. आधीच्या मालकानं बदललेले बुश इतक्यात का फाटले असावेत, याचा माझा अंदाज हाच आहे.

गिअर टाकून क्लच सोडताना खालून 'टक' यायचं. प्रोपेलर शाफ्टच्या (गाडीखालून मागच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा) मागच्या क्रॉसच्या (त्याचा वळणारा सांधा) टोपीभोवती विटकरी रंगाची भुकटी होती. ही भुकटी म्हणजे आतल्या सुया कोरड्या पडून गंजल्या. मग नुसतं ग्रीस मारून भागत नाही, क्रॉस बदलावाच लागतो.

स्कॅनर म्हणाल तर ब्लूटूथचा स्वस्तातला डोंगल आणि मोबाइलवरचं अॅप एवढंच वापरतो. कोड वाचायला आणि लाइव्ह आकडे बघायला पुरतं, एबीएस आणि एअरबॅगचे कोड सहसा त्यात दिसत नाहीत. गाडी उभी ठेवताना डोंगल काढून ठेवावा, काही डोंगल पूर्ण झोपत नाहीत आणि बॅटरी खात राहतात.

गॅरेजमध्ये मी आता 'टर्बो बघा' किंवा 'नोझल बघा' म्हणत नाही. गरम की थंड, चढ की सपाट, कुठला गिअर, किती आरपीएम, वळताना की सरळ, एवढं कागदावर लिहून देतो. चांगला मेकॅनिक तो कागद वाचून एक चक्कर मारून येतो. न वाचता पार्टची यादी करायला बसला तर मी गाडी परत आणतो.

ज्यांच्याकडे ही एकच गाडी आहे आणि रोज सकाळी वेळेवर निघावंच लागतं, त्यांनी या वयाची एसयूव्ही घेऊ नये. पार्ट यायला दिवस लागतात, तोवर गाडी ठोकळ्यावर. मला बसायला उंच, दणकट आणि खराब रस्त्यावर न कुरकुरणारी गाडी हवी होती, ती मिळाली. सध्या ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा गिअरबॉक्स) मागच्या सीलमधून थेंब पडतोय. तेलाची पातळी बघून टॉपअप करतोय, पुढच्या वेळी शाफ्ट उतरेल तेव्हा सीलही बदलून घेणार आहे.