बाळाला न्हाऊ घालणाऱ्या मावशी : सांगलीतील तीन महिन्यांचा अनुभव

मुलीच्या जन्मानंतर मालिश आणि आंघोळीसाठी विश्रामबागेतील आमच्या घरी ज्या मावशी येत होत्या, त्या शेजाऱ्यांच्या ओळखीने मिळाल्या. बाळ आणि बाळंतीण मिळून महिन्याचे साडेचार हजार रुपये ठरले. सव्वा महिन्यासाठी ठेवलेल्या मावशींना आम्ही तीन महिने सोडले नाही, आणि त्याचे कारण त्यांचे बोलणे हे होते.

पाटावर पाय लांब करून त्या बाळाला नडग्यांवर उताणे घेत, कोमट खोबरेल तेल तळहातावर चोळून छातीपासून सुरुवात करत आणि बाळाच्या डोळ्यांत पाहून काहीतरी विचारून थांबत. बाळाने ओठ हलवून "अंऽ" केले, की "व्हय का? मग पुढं काय झालं?" असे म्हणून पुन्हा थांबत. पहिल्या काही वर्षांत बाळाच्या मेंदूत दर सेकंदाला 10 लाखांहून अधिक नव्या जोडण्या तयार होतात. त्यांतील वापरल्या जाणाऱ्या पक्क्या होतात आणि बाकीच्या गळून पडतात. बाळाने हाक द्यावी आणि मोठ्यांनी ओ द्यावी, ही देवाणघेवाण त्या जोडण्या पक्क्या होण्यासाठी फार मोलाची असते.

मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर माझे काम आहे. हंगामात सकाळपासून फोन सुरू होतात. दुसऱ्या महिन्यात मावशींनी मलाच पाटावर बसवले, तेव्हाही मी मध्येच फोन घेतला. मुलीने आधी माझ्याकडे टक लावून पाहिले, मग हातपाय झाडले आणि शेवटी तोंड फिरवून ती रडू लागली. "फोन राहू द्या, दादा. बोलून झालं की जरा थांबा, तिला बी बोलू द्या," एवढेच मावशी म्हणाल्या. एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1970 च्या दशकात आयांना काही क्षण चेहरा निर्विकार ठेवायला सांगून जे पाहिले, ते जवळपास हेच होते. आई पुन्हा हसली-बोलली की बाळे हळूहळू सावरतात, हेही त्यातच दिसले होते, आणि मला त्याचा मोठा आधार वाटला.

स्पर्शाबद्दलही असेच. ज्या पिल्लांना आई जास्त चाटते, ती मोठेपणी ताणाने कमी बिथरतात, असे मायकेल मीनी यांच्या कॅनडातील गटाने 1997 साली उंदरांवरील प्रयोगातून मांडले. उंदरांवरून माणसाचे थेट अनुमान काढू नये, परंतु रडणाऱ्या बाळाला लगेच जवळ घेतल्याने ते लाडावते, ही आपल्याकडची समजूत मी तरी सोडून दिली आहे.

दोन गोष्टी मात्र खटकल्या. मावशी बाळाच्या नाकाकानात तेलाचे थेंब सोडू पाहत आणि आंघोळीनंतर धुरी देण्याचा आग्रह धरत. तेल फुप्फुसात जाण्याचा आणि धुराने श्वासाला त्रास होण्याचा धोका असल्याने बालरोगतज्ज्ञांनी दोन्हींना स्पष्ट नकार दिला. मावशींनी थोडी कुरकुर करून ते ऐकले. अशी सेवा घेणाऱ्यांनी हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे. वेळेच्या बाबतीतही अर्धा-पाऊण तास मागेपुढे गृहीत धरावा लागतो.

पाडव्याला साडी-चोळी देऊन आम्ही मावशींना निरोप दिला. आता सकाळची आंघोळ माझ्याकडे आहे, आणि यार्डात अर्धा तास उशिरा पोहोचण्याची परवानगी मी शेठजींकडून मागून घेतली आहे.