झोळी की गादी? बाळाच्या रात्रीच्या झोपेपुरतं

रात्री झोपवण्याच्या क्रमातल्या पहिल्या पायऱ्यांवरून घरात फारसे वाद होत नाहीत. दिवेलागणीनंतर टीव्ही बंद, मोठे दिवे बंद, कोमट पाण्यात पिळलेल्या पंचाने अंग पुसायचं, सुती झबलं, पोटभर दूध, ढेकर, मग अंगाई. खरं दुमत शेवटच्या पायरीवर होतं: बाळ झोळीत घालायचं की गादीवर ठेवून थोपटायचं? आम्ही दोन्ही करून पाहिलं आहे. दोन्हींच्या बाजूने बोलण्यासारखं आहे, तरी माझा कल कुठे आहे ते पुढे दिसेलच.

आधी झोळी. जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साडीच्या झोळीत किरकिरं बाळ जितक्या लवकर शांत होतं, तितकं आमच्याकडे दुसऱ्या कशानेच झालं नाही. हिंदोळा त्याला पोटात असल्यापासून ओळखीचा असतो. पहिल्या तीन महिन्यांत, संध्याकाळी काही केल्या रडणं थांबत नसे तेव्हा, झोळीनेच आम्हाला तारलं. शिवाय आजीचा सहभाग. गुडघ्यांमुळे माझ्या आईला नातवाला घेऊन फेऱ्या मारता येत नाहीत, पण खुर्चीत बसून ती तासभर दोरी ओढत अंगाई म्हणू शकते. हे सुख मी कमी लेखणार नाही.

गादीचं सुरुवातीचं काम त्यामानाने चिकाटीचं आहे. खांद्यावर गाढ झोपलेलं बाळ खाली ठेवायला जावं, तर टक्क डोळे उघडतं. जपानच्या रिकेन संस्थेतल्या संशोधकांनी २०२२ साली यावर काम केलं. त्यांच्या निरीक्षणात बाळं गादीचा स्पर्श झाल्यावर नव्हे, तर आईच्या अंगापासून वेगळी होऊ लागताच चाळवत होती. त्यांचा सल्ला साधा आहे: रडणाऱ्या बाळाला घेऊन पाच मिनिटं चालायचं, ते झोपलं की आणखी पाच ते आठ मिनिटं कुशीत घेऊन बसायचं, मगच खाली ठेवायचं. आमच्याकडे हे बसणंच कामी आलं. घाई केली की पुन्हा पहिल्यापासून.

माझ्यापुरता निर्णय झाला तो दोरीमुळे. मोठ्यांसारखंच बाळही एका झोपेत अनेकदा अर्धवट जागं होतं. फक्त त्याची झोपेची आवर्तनं आखूड, साधारण तासाभराची असतात. अशा वेळी डोळा लागताना जे होतं, तेच त्याला हवं असतं. झोळीत झोपलेल्या बाळाला हिंदोळा हवा, म्हणजे दोरीवर कुणाचा तरी हात हवा. रात्री दोनच्या सुमाराला दोरी ओढता ओढता माझा डोळा लागायचा, हात सैल पडायचा, झोका मंदावायचा आणि झोळीतून कुरकुर सुरू व्हायची. पुन्हा दोरी. पहाटेपर्यंत हेच. बायको दूध पाजायला उठतच होती. त्यात ही दुसरी पाळी. मोटरवर चालणारी झोळीही मिळते, पण बाळाची सवय तीच राहते आणि वीज गेली की सगळे जागे. परगावी गेलो की झोळीसाठी कडी शोधण्यापासून तयारी, तीही प्रत्येक घरात नसतेच.

गादीवर थोपटून झोपलेलं बाळही जागं होतंच, उगाच आशा दाखवत नाही. पण जाग येते तेव्हा आजूबाजूला सगळं तसंच असतं. बऱ्याचदा ते थोडी चुळबुळ करून आपलं आपण झोपतं. दर वेळी नाही, पण तेवढ्यानेही आमची रात्र सुसह्य झाली.

एक गोष्ट मात्र आवडीनिवडीपलीकडची आहे. झोळीत पाठ वाकते, मान पुढे झुकून हनुवटी छातीला टेकू शकते, आणि लहान बाळाचा श्वास त्याने अडू शकतो. म्हणूनच बालरोगतज्ज्ञ कडक, सपाट जागेवर उताणं झोपवायला सांगतात. गादी घेणार असाल तर तीही दबलेली, घट्ट हवी. गुबगुबीत गोधड्या नकोत, आणि डोकं गोल व्हावं म्हणून दिलेली मोहरीची उशीसुद्धा बाजूला ठेवा. गादी आईच्या अंथरुणाला लागून पण वेगळी, हात पोचेल इतकी जवळ. डासांसाठी छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी पुरते.

तुमचं बाळ अगदी तान्हं असेल, घरात दिवसा त्याच्याजवळ जागं बसणारं माणूस असेल, तर रडं शांत करायला झोळी मला वावगी वाटत नाही. डोळा लागला की उचलून गादीवर ठेवावं, एवढंच. बाळ कुशीवर वळू लागलं की मात्र ती उतरवलेलीच बरी.

झोळीतून गादीवर आणायचं असेल तर दुपारच्या झोपेपासून सुरुवात करू नका. तेव्हा उजेड, आवाज, सगळंच आड येतं. रात्रीची पहिली झोप निवडा. बाळ तेव्हा पुरेसं दमलेलं असतं आणि तुमच्याही अंगात थोपटायचं त्राण असतं. अंगाई तीच ठेवा, शक्यतो आजीच्याच आवाजात. आमच्याकडे आजीची खुर्ची आता गादीशेजारी असते आणि दोरीऐवजी तिचा हात बाळाच्या पोटावर.