हॉलमध्ये कुत्रा ठेवायचाय, पण कुठला? पग, स्पॅनियल, ग्रेहाउंड, स्कॉटी आणि पूडल

माझ्या मामेबहिणीला कुत्रा हवाय. खरा नाही. खऱ्याला दिवसभर बघणार कोण, या मुद्द्यावर दोन वर्षं नवऱ्याशी भांडून तिनं तो विषय सोडून दिला. आता डोंबिवलीच्या नव्या फ्लॅटमध्ये निदान शोभेचा तरी एक हवा, असा हट्ट आहे. तिनं व्हॉट्सअ‍ॅपवर पाच फोटो पाठवले आणि खाली विचारलं, "ताई, यातला कुठला घेऊ?" पोर्सिलेनचा पग, चिनी मातीच्या स्पॅनियलची जोडी, लांबलचक ग्रेहाउंड, काळा ठेंगणा स्कॉटी आणि गुलाबी पूडल.

गंमत म्हणजे हे पाचही जण कधी ना कधी युरोप-अमेरिकेतल्या दिवाणखान्यांचे लाडके होते, आणि प्रत्येकाची घडण त्या काळच्या घरातल्या एका ठरावीक जागेसाठी झाली होती. त्यामुळे जात आवडली म्हणून घेऊ नका, आधी जागा मोजा. माझं मत एवढंच. आता एकेकाकडे बघू.

पग

पाचांत खानदानी हाच. चीनमधून डच व्यापाऱ्यांबरोबर हॉलंडला आला, तिथल्या ऑरेंज घराण्याचा लाडका झाला, आणि विल्यम आणि मेरी इंग्लंडच्या गादीवर बसायला गेले तेव्हा, १६८८-८९ च्या सुमारास, त्यांच्यामागोमाग इंग्लंडलाही पोचला. पण शोभेची वस्तू म्हणून त्याचं नशीब उघडलं ते जर्मनीतल्या सॅक्सनीत. तिथे १७१० मध्ये माइसेनला युरोपातला पहिला अस्सल पोर्सिलेनचा कारखाना निघाला. १७३१ मध्ये योहान योआखिम केंडलर हा शिल्पकार तिथे रुजू झाला आणि त्यानं पगांची रांगच लावली: बसलेले, खाजवणारे, पिल्लाला जवळ घेतलेले.

यामागे एक मजेदार भानगड आहे. १७३८ मध्ये पोप बारावा क्लेमेंट यानं कॅथलिकांना फ्रीमेसन नावाच्या, पुरुषांच्या गुप्त बंधुसंघात जायला बंदी घातली. त्यावर जर्मनीतल्या काही उमरावांनी १७४० च्या आसपास 'पगांचं मंडळ' काढलं, आणि फ्रीमेसनांच्या उलट त्यात बायकांनाही घेतलं. निष्ठेचं प्रतीक म्हणून पग. नव्या सभासदाच्या गळ्यात पट्टा घालत आणि त्याला दार नखांनी खरवडून आत यावं लागे, असं त्या काळच्या एका गौप्यस्फोटात छापून आलं होतं. म्हणजे टेबलावर पोर्सिलेनचा पग दिसला, की जाणकारानं काय ते ओळखावं.

हे पग लहान आहेत आणि जवळून बघण्यासाठी केलेले आहेत. गळपट्ट्यावरचं रंगकाम, कपाळावरच्या वळ्या, सगळं हातभर अंतरावरूनच दिसतं. एक खूणही लक्षात ठेवा: अठराव्या शतकातल्या पगाचं नाक आजच्याइतकं चपटं नव्हतं, आणि कान कापायची पद्धत होती. इंग्रज चित्रकार विल्यम होगार्थनं १७४५ मध्ये आपल्या ट्रम्प नावाच्या पगासह काढलेलं स्वतःचं चित्र बघा, त्यात हे तोंड दिसेल. 'जुनी माइसेन स्टाइल' म्हणून विकायला ठेवलेल्या पगाचं थोबाड भिंतीवर आपटल्यासारखं सपाट असेल, तर नक्कल करणाऱ्यानं शेजारच्या सोसायटीतला कुत्रा समोर बसवला होता असं समजा.

विसाव्या शतकात या वेडाचे सगळ्यात प्रसिद्ध मानकरी म्हणजे ड्यूक आणि डचेस ऑफ विंडसर, म्हणजे गादी सोडलेला इंग्लंडचा राजा आणि त्याची बायको. घरात खरे पग, उशांवर पग, फळ्यांवर माइसेनचे पग. १९९८ मध्ये न्यूयॉर्कला त्यांच्या सामानाचा लिलाव झाला, त्यात हीही मंडळी होती.

आपल्याकडे मात्र मोठी अडचण आहे. २००३ मध्ये एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत छोट्या मुलामागं चालणारा पग आला, आणि तेव्हापासून मराठी माणसाच्या तोंडी त्याचं नाव 'हचचा कुत्रा'. तुम्ही केंडलरची नक्कल कितीही हौसेनं आणा, येणारा प्रत्येक पाहुणा तेच म्हणणार. चालत असेल तर घ्या. काचेच्या शोकेसमध्ये, डोळ्यांच्या उंचीवर, खाली छोटा दिवा. उघड्या टीपॉयवर पग ठेवू नका. लहान मूल असलेल्या घरात तर मुळीच नको.

स्पॅनियलची जोडी

ही इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरच्या भट्ट्यांची. व्हिक्टोरिया राणीच्या लहानपणी तिच्याजवळ डॅश नावाचा किंग चार्ल्स स्पॅनियल होता. तो १८४० मध्ये गेला, आणि त्याच सुमारास या मातीच्या जोड्यांचा सुकाळ झाला. पांढरं अंग, तांबूस ठिपके, गळ्यात सोनेरी साखळी आणि कुलूप. माइसेन दरबारासाठी होतं, हे कामगारांच्या घरांसाठी. दोन तुकड्यांच्या साच्यात माती दाबायची, जोडायची, भाजायची, आणि रंगवायला बायका-मुलं. तेव्हाच्या भट्ट्यांमध्ये लहान मुलं सर्रास राबत असत. एखाद्या कुत्र्याच्या भुवया किंचित तिरक्या दिसल्या तर मला आधी तेच आठवतं, आणि त्या तिरक्या भुवयांमुळेच हे कुत्रे माइसेनच्या पगांपेक्षा मला जवळचे वाटतात.

यांची जागा ठरलेली होती: शेकोटीवरची फळी. एक डावीकडे, एक उजवीकडे, तोंडं एकमेकांकडे. पाठ भिंतीला लागणार म्हणून बऱ्याचदा मागच्या बाजूला रंगकाम जेमतेमच. स्कॉटलंडमध्ये यांना 'वॉली डग्ज' म्हणतात.

आता आपल्या घरात शेकोटी कुठून आणणार? बहुतेकजण ही जोडी टीव्ही युनिटच्या दोन टोकांना बसवतात आणि तिथेच फसतात. मध्ये पाच-सहा फूट अंतर पडलं की ती जोडी राहत नाही, भांडून बसलेले दोन शेजारी वाटतात. तीन फुटांच्या पुस्तकांच्या कपाटावर मात्र छान दिसते. मागे भिंत हवी, चहूबाजूंनी दिसेल अशी जागा नको. आणि एकटा स्पॅनियल स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका. जोडीशिवाय त्याला अर्थ नाही.

मुंबईत चोरबाजारात मटण स्ट्रीटवर किंवा ऑनलाइन 'व्हिक्टोरियन' म्हणून दाखवलेली जोडी हातात घेऊन उलटी करा. जुन्या दाबसाच्याच्या कुत्र्याला हवा जायला बारीकसं भोक असतं. तळाला बोट जाईल एवढं गोल भोक असेल, तर तो पातळ माती ओतून केलेला अलीकडचा माल समजा. सोनं आरशासारखं चकाकत असेल तर तो एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडचा किंवा त्यानंतरचा. पुढचे पाय अंगापासून सुटे घडवलेले असतील तर काम जास्त निगुतीचं. नवी जोडी वाईट असं नाही, फक्त तिचे जुन्याचे पैसे देऊ नका.

ग्रेहाउंड आणि बोर्झोई

१९२५ च्या पॅरिस प्रदर्शनावरून आर्ट डेको या सुबक, भौमितिक आकारांच्या शैलीला नाव मिळालं, आणि तिला हवी असलेली रेघ ग्रेहाउंड आणि त्याचा लांब केसांचा रशियन भाऊबंद बोर्झोई यांच्या अंगात आयतीच होती: खोल छाती, आत ओढलेलं पोट, लांब मान. काळही वेगाच्या नादाला लागलेला होता. १९२६ मध्ये मँचेस्टरच्या बेल व्ह्यूला यांत्रिक सशामागे ग्रेहाउंड पळवायच्या शर्यती सुरू झाल्या. त्याच सुमारास अमेरिकेत लिंकन मोटारीच्या नाकावर झेपावणारा ग्रेहाउंड बसला. पॅरिसमध्ये लुई इकारच्या छापचित्रांत सडपातळ बायका आणि तसेच सडपातळ कुत्रे एकत्र धावू लागले. मूळचा रुमानियाचा शिल्पकार देमेत्र शिपारुस यानं मध्ये उभी स्त्री आणि दोन्ही बाजूंना दोन बोर्झोई अशी मूर्ती केली. तिच्या नकला आजही जगभर फिरतात.

पाचांत सगळ्यात देखणा हाच, आणि सगळ्यात गैरसोयीचाही. याला आडवी मोकळी जागा लागते. बैठं लांब कपाट आणि त्याच्यावर दुसरं काहीही नाही. मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानाच्या आर्ट डेको इमारतींना २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तिथल्या एखाद्या जुन्या घरात, गोलाई दिलेल्या बाल्कनीजवळ, हा शोभेल. पण ज्या टीव्ही युनिटवर सेट टॉप बॉक्स, राउटर, गणपती आणि चष्म्याची केस ठेवलेली आहे तिथे त्याची सगळी रेघ हरवते.

घेणारच असाल तर धातू विचारा. त्या काळच्या स्वस्त मूर्ती जस्ताच्या मिश्रधातूच्या असत. तो ठिसूळ असतो, त्यामुळे शेपूट आणि पायाचे घोटे आधी तपासा. ब्राँझ हाताला जड लागतं आणि किंमतही तशीच. 'चेहरा हस्तिदंती आहे' असं कुणी सांगितलं तर तिथून निघा. हस्तिदंताच्या व्यापारावर आपल्याकडे कायद्यानं बंदी आहे.

स्कॉटी

स्कॉटी हा कुत्रा नाही, सावली आहे. चौकोनी धड, उभे कान, दाढी, वर उचललेली शेपटी. नुसत्या काळ्या आकारातसुद्धा पटकन ओळखू येतो. १९३०-४० च्या दशकात अमेरिकेत त्याचा सुळसुळाट झाला तो म्हणूनच. पेल्यांवर छापा, बेकेलाइटचा (जुन्या काळचं कडक प्लॅस्टिक) ब्रोच करा, पडद्यांवर उमटवा, बिडात ओता, कुठेही बिघडत नाही. पेनसिल्व्हेनियातल्या हबली कंपनीनं बिडाचे दार-अडकवणे केले, त्यात हाही होता. १९४० मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टकडे फाला नावाचा स्कॉटी आला आणि उरलीसुरली कसर भरून निघाली. विरोधकांनी आरोप केला, की फालाला चुकून एका बेटावर मागे सोडलं म्हणून त्याला आणायला युद्धनौका पाठवली. सप्टेंबर १९४४ च्या भाषणात रूझवेल्टनं त्याची अशी खिल्ली उडवली की निवडणुकीत तो कुत्राच गाजला. वॉशिंग्टनच्या स्मारकात रूझवेल्टजवळ फालाचाही पुतळा आहे.

याची जागा जमिनीवर किंवा पुस्तकांच्या कडेला. पाचांत कामाला लावता येईल असा हा एकटाच.

पूडल

याच्यावर फार वेळ घालवत नाही. १९४७ मध्ये जूली लिन शार्लो या अमेरिकन बाईंनी ऐन वेळी फेल्टचा गोल घेराचा स्कर्ट केला, कारण शिवता येत नव्हतं आणि फेल्टचे धागे सुटत नाहीत. पुढे त्यावर कुत्रे आले, आणि पूडलनं बाजार मारला. १९६० ते १९८२ पर्यंत अमेरिकेत नोंदणीत पूडलच पहिल्या क्रमांकावर होता. स्कर्टवरून तो भिंतीच्या कागदावर, दिव्यांवर आणि शेवटी बाथरूममध्ये, टॉयलेट रोलवर घालायच्या क्रोशाच्या टोपीपर्यंत पोचला. फोटोतला गुलाबी पूडल त्याच कुळातला आहे, अंगभर शेवयांसारखे मातीचे दोरे चिकटवलेला. त्या शेवयांत धूळ बसली की फडकं चालत नाही, ब्रश लागतो. कामाला येणाऱ्या मावशी एकदा बघतील आणि दुसऱ्यांदा त्याला हात लावणार नाहीत.

न पाठवलेला सहावा

मराठी घरांत सगळ्यात जास्त टांगला, ठेवला, जपला गेलेला कुत्रा या पाचांत नाहीच. तो ग्रामोफोनच्या कर्ण्यापुढं कान देऊन बसलेला निपर. फ्रान्सिस बॅरोनं आधी त्याला सिलिंडरवाल्या फोनोग्राफपुढं रंगवलं होतं. ग्रामोफोन कंपनीनं १८९९ मध्ये चित्र घेतलं तेव्हा त्याच्यावर नवं यंत्र चढवलं. आमच्या आजोळी नाट्यसंगीताच्या तबकड्यांवर हा गरगर फिरायचा. कुणाकडे अशा तबकड्या पडून असतील तर एक चौकटीत लावा. आजकाल बाजारात चाव्यांचा ट्रे धरलेला फ्रेंच बुलडॉग जिकडेतिकडे आहे, त्यापेक्षा हा केव्हाही बरा.

मग बहिणीला काय सांगितलं? तिचं पुस्तकांचं कपाट अजून यायचंय, शोकेस ती करणार नाही, टीव्ही युनिट आधीच भरलंय. मात्र दुपारी दोनच्या वाऱ्यात बेडरूमचं दार धाडकन आपटतं आणि खालचे काका वर येतात. तिच्यासाठी स्कॉटी, बिडाचा, दोन किलोच्या आसपास वजनाचा. जुनाच हवा असं काही नाही. पावसाळ्याआधी काळ्या ऑइल पेंटचा एक हात मारायचा, नाहीतर फरशीवर गंजाचे डाग पडतील, आणि तळाला फेल्टची पट्टी चिकटवायची.