अश्वगंधा चूर्ण: दिवाळीपासून घेतेय, गुण बरा, डब्याला शून्य मार्क

रिव्ह्यू लिहायचा कंटाळा करत होते, पण काल कस्टमर केअरचं उत्तर आलं की "खाण्याच्या वस्तू परत घेतल्या जात नाहीत" आणि डोकंच फिरलं. अहो, परत घ्या म्हणतंय कोण, आतलं सील फाटलेलं आलंय, बदलून द्या एवढंच म्हणतेय. फोटो पाठवले तर म्हणे अनबॉक्सिंगचा व्हिडिओ लागेल. दोनशे साठ रुपयांच्या चूर्णाचा डबा उघडताना शूटिंग कोण करतं? कंपनीचं नाव लिहीत नाही, उगाच भानगड नको.

अश्वगंधा म्हणजे झोपेसाठी, टेन्शनसाठी घेतात ती आयुर्वेदिक मुळी, सगळ्यांना माहितीये, त्यात वेळ घालवत नाही. मी सीए ऑफिसला असते, ऑडिटच्या सीझनला झोप लागायची पण पहाटे तीनला टक्क जाग, मग डोक्यात कुणाचं तरी बॅलन्सशीट. वैद्यांनी सांगितलं रोज रात्री साधारण तीन ग्रॅम, म्हणजे एक चहाचा चमचा, कोमट दुधात, वर थोडं तूप. चव तुरट कडवट, मातकट वास, आणि ढवळा कितीही, तळाशी गाळ राहणारच. तो शेवटचा घोट डोळे मिटून घ्यायचा.

आता झाकण. डब्याचं तोंड इतकं अरुंद की चमचा तिरका घालावा लागतो, बाहेर काढताना चूर्ण काठावर सांडतं, ते आट्यांमध्ये जाऊन बसतं, मग झाकण पूर्ण बसतच नाही, अर्धी फेरी आधीच अडकतं. थंडीत चालून गेलं. जूनमध्ये पुण्याची हवा दमट झाली आणि आठवड्याभरात आत गठ्ठे! ओलावा शोषायची ती पांढरी पुडी असते ती चूर्णातच गाडलेली, एकदा चमच्यात येऊन दुधात पडली. मी रोज पुसायच्या ब्रशने आट्या साफ करत होते, नवरा हसतोय. लेबलवर सोनेरी घोडा छापायला पैसे आहेत, रुंद तोंडाचा डबा द्यायला नाहीत. शेवटी सगळं लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ओतलं, तेव्हा कुठे सुख.

गुणाचं म्हणाल तर पहिले काही आठवडे काहीही नाही, पैसे पाण्यात गेले असंच वाटलं. मग हळूहळू तीनची जाग कमी झाली, आली तरी कूस बदलून परत झोप लागते. मार्चएंडसुद्धा तसा झोपेत निघाला. दिवसाच्या टेन्शनमध्ये फरक म्हणाल तर विशेष नाही, कारण साहेब तेच आहेत. नवऱ्याचं म्हणणं, तू संध्याकाळचा चहा सोडलास त्याचा गुण आहे हा. असेलही, दोन्ही एकाच सुमारास सुरू झालं, मी भांडत नाही.

इथे मात्र एक चिडायची गोष्ट. जाहिरातीत लिहिलंय की स्ट्रेसचं हार्मोन, कॉर्टिसॉल, 28 टक्क्यांनी कमी होतं. तो आकडा 2012 च्या एका भारतीय अभ्यासातला आहे, 64 माणसं, 60 दिवस, आणि त्यांना दिला होता मुळाचा घट्ट अर्क, 300 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. साधं चूर्ण नाही! औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी मिळालेल्या गटातही तो 8 टक्क्यांच्या आसपास उतरला होता, ते जाहिरातीत कुठे आहे? आधी मी कॅप्सूलवाल्यांना लुटारू म्हणायचे, 60 कॅप्सूलला साडेचारशे, ग्रॅमच्या भावाने बघितलं तर चांदीच. पण अर्क असेल तर ग्रॅमचा हिशोब लागूच होत नाही, तेवढं मत बदललंय. तरी घेणार नाही, महाग ते महागच.

आता मंडईजवळच्या काष्ठौषधीवाल्याकडून अख्खी मुळं आणते, शंभर ग्रॅमला ऐंशी रुपये. काका मूळ काडकन मोडून दाखवतात, आतून पांढरं आणि जाड हवं, बारीक काटक्या नकोत, चांगला माल मध्य प्रदेशातून नीमचच्या मंडीतून येतो म्हणतात. अख्खं मूळ घ्यायचं खरं कारण वेगळंच, दळलेल्यात पानं मिसळली तर आपल्याला काय कळणार? 2021 मध्ये आयुष मंत्रालयाने कंपन्यांना पानं वापरू नका, मूळच वापरा असं सांगितलं होतं, म्हणजे वापरत असणारच ना कोणीतरी. डब्यावर नुसतं "अश्वगंधा" लिहिलं असेल आणि मूळ हा शब्द नसेल तर मी ठेवून देते. त्रास एवढाच की मिक्सरमध्ये घालायच्या आधी खलबत्त्यात ठेचावं लागतं, नाहीतर पातं बोंबलतं, आणि मग वस्त्रगाळ करायचं, ओट्यावर सगळीकडे धूळ. पण गाळ निम्म्याने कमी!

नणंद म्हणाली मलाही दे थोडं, तिला दिलं नाही. तिची थायरॉइडची गोळी चालू आहे आणि अश्वगंधेने थायरॉइडचं हार्मोन वाढू शकतं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. गरोदर बायकांनी तर अजिबात नाही, झोपेच्या गोळ्या घेणाऱ्यांनीही जपून, आणि लिव्हरला त्रास झाल्याच्या केसेस आहेत, डोळे पिवळे दिसले की ताबडतोब बंद. डेन्मार्कने तर 2023 मध्ये बंदीच घातली. नणंद रुसली, रुसू दे. मी माझी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करून घेतली, नॉर्मल आलीये, लॅबला तीनशे गेले ते वरच्या हिशोबात धरलेले नाहीत.